प्लास्टरमधलं घड्याळ

इंदूरच्या फलाटावर उतरले, तर ताई एकटीच उभी. मी मिरजेहून वर्षाआड येते आणि दर वेळी भाऊजी आधी माझी बॅग हिसकावून घेतात, मग हालहवाल विचारतात. या वेळी बॅग ताईनं घेतली.

"भाऊजी कुठे?"

"घरी. घड्याळापाशी." ती असं म्हणाली, जसं कुणी म्हणावं की आजारी माणसापाशी. "सुलू, तू आलीस ते बरं झालं. मी एकटी आता थकले. ते आजकल कुठे म्हणजे कुठे जातच नाहीत."

देवासच्या बसमध्ये तिनं मला सगळं सांगितलं. वाचकांना ते थोडं मागून सांगावं लागेल.

भाऊजी मूळचे इचलकरंजीचे. देवासला कारखाने निघाले तेव्हा नोकरीसाठी गेले आणि तिथलेच झाले. यंत्रांची देखभाल हे त्यांचं काम. नव्वदच्या दशकात एकदा त्यांच्या कारखान्यात नवीन यंत्र बसवायला स्वित्झर्लंडचा एक इंजिनिअर आला, योहान नावाचा. माळव्यातली शेव-कचोरी त्याला सोसेना. तो पार आडवा झाला, तेव्हा ताईनं त्याला पंधरवडाभर मऊ भात आणि मेतकूट पाठवलं. परत जाताना त्यानं मनगटावरचं घड्याळ काढलं आणि भाऊजींच्या हातात बांधलं. भाऊजींनी आपलं त्याला दिलं. दोघेही खूश. पुढं कितीतरी वर्षं भाऊजी ते घड्याळ घालून ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालत होते.

मग ताईचा मुलगा, माझा भाचा, शिकायला पुण्याला गेला. तिथं इंटरनेट कॅफेत बसून त्यानं घड्याळाच्या पाठीवर कोरलेली अक्षरं शोधून काढली आणि घरी फोन केला. त्या कंपनीनं तशी घड्याळं मोजकीच काढली होती. प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक. जगभरचे शौकीन ती शोधत फिरतात म्हणे. भाच्यानं किमतीचा अंदाज सांगितला आणि त्या दिवसापासून भाऊजींनी ते घड्याळ हातात घातलं नाही, नुसतं रोज चावी देऊन ठेवलं. बँकेच्या लॉकरवर त्यांचा विश्वास नव्हता, घराच्या कुलपावर नव्हता, म्हणून ते स्वतःच घरी बसले. निवृत्त झालेलेच होते. लग्नाला जायचं तर ताईनं एकटीनं जायचं. रात्री मांजर पत्र्यावरून गेलं तरी ते उठून बसायचे.

"विकून टाका म्हणते मी," ताई म्हणाली. "धारला एक बापूसाहेब म्हणून आहेत, घड्याळांचे बडे शौकीन. मुलानं त्यांच्याशी फोनवर बोलून ठेवलंय. पण ते धार सोडून येत नाहीत आणि हे देवास सोडून जात नाहीत."

घरी पोचलो तेव्हा भाऊजी दारामागे होते. आधी कडी वाजली, मग दुसरी कडी, मग एक साखळी. चेहरा उतरलेला, पण मला बघून हसले. चहा झाल्यावर म्हणाले, "सुलू, धारला जायचा उपाय मला सापडलाय. आपण हाताला प्लास्टर करू."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"घड्याळ मनगटावर, वर प्लास्टर. खिसा कापतील, बॅग पळवतील, पण मोडलेला हात कोण चोरून नेईल?"

यंत्रावरचा माणूस एकदा बोलला की करूनच दाखवतो. त्यांनी औषधाच्या दुकानातून प्लास्टरच्या पट्ट्या आणल्या. घड्याळ आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलं, वर रुमाल, वर कापूस, आणि मग मी आणि ताईनं त्यांच्या हुकमाप्रमाणे ओल्या पट्ट्या गुंडाळल्या. माझा शिवणाचा क्लास असल्यामुळे गळ्यात अडकवायची झोळी मी शिवली. अस्तराचं कापड, दुहेरी शिलाई. निघायला दोन दिवस बाकी होते. आधीपासून का, तर शेजाऱ्यांना सवय व्हावी, ऐन वेळी कुणाला संशय येऊ नये.

ती चूक झाली. शेजारी बघायला येऊ लागले. कुणी पपई आणली, कुणी हळदीचं दूध. काय झालं, असं विचारल्यावर भाऊजी गडबडले आणि म्हणाले, टेकरीवरून पडलो. टेकरी म्हणजे देवासच्या मधोमध असलेला माताजींचा डोंगर. संध्याकाळपर्यंत मागच्या गल्लीतल्या एक बाई येऊन ताईला सांगून गेल्या, "मी स्वतः बघितलं त्यांना पडताना. तीन पायऱ्या घरंगळत आले. मीच तर उचललं!" भाऊजींनी त्यांचे आभार मानले. दुसरं काय करणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. इंदूरला गंगवाल बसस्टँडवर गरम पोहे आणि जिलेबी खाल्ली. थंडीत इथल्या पोह्यांवर वरून शेव आणि जिरावण (मसाल्याची पूड) टाकतात, आणि जिलेबी त्याच घासात खायची असते. मिरजेत हे कुणाला सांगितलं तर माझ्याकडे बघत राहतात. भाऊजींना ताईनं भरवलं. उजवा हात मोकळा होता, पण अपघात झालेला माणूस पोहे इतक्या झपाट्यानं खात नाही, असं तिचं म्हणणं.

धारच्या बसमध्ये त्यांचा हात बघून दोन जणांनी जागा दिली. बेटमा मागं पडलं, दोन्हीकडे गहू आणि हरभऱ्याची शेतं सुरू झाली, आणि पलीकडच्या सीटवरचा एक दांडगा म्हातारा भाऊजींच्या हाताकडे एकटक बघू लागला. याला संशय आला, असं मला वाटलं.

"भिया, हड्डी किसने बिठाई?"

"डॉक्टरांनी," भाऊजी म्हणाले.

"गलत बिठाई है." तो उठून जवळ आला. तो पहलवान होता. पहलवान म्हणजे इकडे कुस्तीवाला नव्हे, हाड बसवणारा. "उँगलियाँ देखो, टेढ़ी हैं."

बोटं भाऊजींची जन्मापासूनच तशी होती. पण त्यांनी काही बोलायच्या आत पहलवानानं त्यांचं मधलं बोट धरून असं खेचलं की कट्‌ आवाज झाला आणि भाऊजी खरोखर किंचाळले.

"बैठ गई," पहलवान समाधानानं म्हणाला. बसमधल्या लोकांनी माना डोलावल्या. ताईनं त्याला हात जोडले. भाऊजींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि घाटाबिल्लोद येईपर्यंत ते मला हळूच सांगत होते, "सुलू, बोट खरंच गेलं गं."

धारला आल्यावर आधी डोळ्यांत भरतो तो किल्ला, लालसर दगडाचा, गावाच्या काठावर बसलेला. आम्ही मात्र टेंपोनं एका नव्या कॉलनीत गेलो. बापूसाहेबांचं घर नव्या बांधणीचं, दोन खोल्यांचं. त्यांचे पूर्वज संस्थानात अंमलदार होते, ते स्वतः कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. दारात उभे राहून म्हणाले, "यावे, यावे. मार्गात काही विघ्न?" असं मराठी मी फक्त आजोबांच्या तोंडून ऐकलं होतं. त्यांच्या मागे त्यांच्या पत्नी, माईसाहेब, गोऱ्या, ठेंगण्या, डोळ्यांत कुतूहल.

घरात दोन खोल्या. एका खोलीत ती दोघं राहत, तिथं पंखा खडखडत होता. दुसऱ्या खोलीत एसी. तिथं घड्याळं राहत.

"वस्तू आणली आहे ना?" बापूसाहेबांनी विचारलं.

भाऊजींनी हात पुढे केला. सगळा प्रकार ऐकल्यावर बापूसाहेबांनी त्यांच्याकडे अशा आदरानं पाहिलं, की या माणसाला मीच तेवढा समजलो असं भाऊजींना वाटलं असणार. मग त्यांनी प्लास्टरला कान लावला. बराच वेळ. कान काढला तेव्हा चेहरा पांढरा.

"ठोका नाही."

भाऊजींनी स्वतः प्लास्टरला कान लावला.

"थांबा," बापूसाहेब म्हणाले. "हे स्वयंचलित आहे. हात हलला की याला चावी बसते. आपण किती दिवस हात गळ्यात बांधून आहात?" आणि त्यांनी भाऊजींना बाहेर ओट्यावर नेऊन त्यांचा हात झोक्यासारखा पुढे-मागे हलवायला सुरुवात केली. रस्त्यावरून जाणारे दोघे थांबले. एकानं विचारलं, "लग गई क्या, बाऊजी?" भाऊजी बोट दुखतंय म्हणून ओरडत होते, बापूसाहेब पुन्हा कान लावत होते. इतक्या कापसातून आवाज येणार कसा, असं माईसाहेबांनी विचारलं तेव्हा कुठे ते थांबले.

मग प्लास्टर काढण्याचा प्रश्न आला. भाऊजींनी घरून लोखंड कापायचं पातं आणलं होतं. ते पिशवीतून निघताच बापूसाहेब ओरडले, "आमच्या देखत करवत नको!" शेवटी माईसाहेबांना घड्याळांपाशी ठेवून आम्ही चौघं हाडांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. निरोप आला की एक्स-रे पाहिल्याशिवाय प्लास्टर कापायचं नाही. आत काय आहे हे सांगायचं भाऊजींच्या जिवावर आलं, कारण बाकावर दहा माणसं बसलेली. ते गुपचूप आत गेले.

थोड्या वेळानं एक्स-रेवाला ओली फिल्म हातात धरून बाहेर आला. तो घाबरलेला होता.

"भिया, आपके हाथ में तो मशीन है."

बाकावरचे सगळे उठले. फिल्म उजेडाकडे धरली. बोटांची करडी हाडं, मनगटाची बारीक हाडं, आणि त्यांच्यावर पांढराशुभ्र गोल, बाजूला चावीची गुंडी, खाली पट्ट्याचं बक्कल. कुणी म्हणालं, ऑपरेशन करताना डॉक्टर विसरला असेल. एक बाई म्हणाली, तिच्या दिराच्या पोटात अशीच कात्री राहिली होती. बापूसाहेबांनी मात्र फिल्म हिसकावून घेतली आणि खिडकीशी नेली.

"अहाहा! पट्टा अडकवायचे हे कान पाहा. हा वळसा दुसऱ्या कुणाचा नाही. तेच आहे. अस्सल आहे." मागं वळून ते भाऊजींना म्हणाले, "मी घेतो. प्लास्टरसकट घेतो. असेच्या असे."

"आणि हात?" ताईनं विचारलं.

बापूसाहेबांनी यावर क्षणभर विचार केला. खरंच केला. मी पाहिलं.

खुलासा झाल्यावर एक्स-रेवाला इतका हसला की त्याला बसावं लागलं. मग डॉक्टरांची परवानगी आणून त्यानंच मोठ्या कात्रीनं प्लास्टर उभं चिरलं, कापूस सोडवला, आणि घड्याळ बाहेर आलं. मला सांगायला संकोच वाटतो, पण मी आयुष्यात पहिल्यांदाच ते नीट पाहिलं आणि माझी निराशा झाली. निळसर तबकडी, बारीक काटे. छान होतं. पण आमच्या मिरजेतल्या दुकानात काचेमागे असतं, तर मी थांबले नसते. बोट मात्र खरंच सुजलं होतं. डॉक्टरांनी त्याला पट्टी बांधली.

जेवायला माईसाहेबांनी पानिये केले होते. मक्याच्या पिठाचे गोळे थापून पळसाच्या पानांत घालतात आणि गोवऱ्यांवर भाजतात. धारकडची ही खास चीज. सोबत घट्ट वरण आणि तुपाची धार. पानाचा वास भाकरीत उतरलेला. मी चार खाल्ले. भाऊजी मात्र ताटाकडे बघत नव्हते.

जेवणानंतर बापूसाहेबांनी आम्हाला थंड खोलीत नेलं. पांढरे हातमोजे घातले, एकेक कप्पा उघडला. मखमलीत घड्याळं ओळीनं निजलेली. एकही चालू नव्हतं. सगळ्यांचे काटे दहा वाजून दहा मिनिटांवर.

"चालवले की झिजतात," ते म्हणाले. "आणि काटे असे ठेवले की हसल्यासारखे दिसतात."

शेवटच्या कप्प्यात मधोमध एक खाच रिकामी होती. "ही आपल्या घड्याळासाठी," ते म्हणाले आणि आकडा सांगितला. ताईनं माझा दंड धरला.

भाऊजी त्या खाचेकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही यातलं कुठलं घालता?"

"घालणे?" बापूसाहेबांना प्रश्नच कळला नाही. त्यांचं मनगट उघडं होतं.

"मग वेळ?"

दारातून माईसाहेब म्हणाल्या, "आमच्याकडे वेळ विचारायची नाही हो. शाळेची घंटा झाली की मी समजते. शाळेला सुटी असली की अंदाजानं कुकर लावते." त्या हसत होत्या, पण पुढचं हसून म्हणाल्या नाहीत. "भावाच्या षष्ट्यब्दीला गेलो नाही. मांडू इथून तासाभरावर आहे. लग्न होऊन आले तेव्हा पाहिलं होतं. त्यानंतर नाही. घर सोडायचं कसं?"

भाऊजी ताईकडे बघत होते. ताई कुठेच बघत नव्हती.

"बापूसाहेब, माफ करा," भाऊजी म्हणाले. "मला विकायचं नाही."

ताई एकदम फिरली. "म्हणजे? परत साखळ्या? परत प्लास्टर? मी साफ सांगते, मी येणार नाही परत. मी सुलूबरोबर मिरजेला जाते."

"नाही. असंच." त्यांनी घड्याळ उचललं आणि सरळ मनगटावर बांधलं. "योहाननं मला घालायला दिलं होतं. तेव्हा कुठे भीती वाटायची?"

"आणि हरवलं तर?"

"तर हरवलं."

"रडायचं नाही."

"नाही रडणार."

ताईनं त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं, जशी ती भाजीवाल्याच्या तराजूकडे बघते. मग म्हणाली, "उद्या आपण सगळे मांडूला जाऊ. माईसाहेब, तुम्हीपण."

बापूसाहेबांची वेगळीच पंचाईत झाली. असं घड्याळ उघड्या मनगटावर बाजारातून, बसमधून जाणार, ही कल्पना त्यांना सोसवेना. रात्रभर त्यांना झोप आली नसावी. सकाळी आम्ही निघालो तर ते छत्री घेऊन दारात उभे. "वस्तूच्या संरक्षणार्थ मी येतो," म्हणाले. तीन कुलपं लावली, दोनदा परत जाऊन ओढून पाहिली. माईसाहेब तोपर्यंत बसस्टँडकडे अर्ध्या रस्त्यात पोचल्या होत्या.

नालछा मागं टाकून बस मांडूच्या दरवाजांतून आत शिरली. थंडी असल्यामुळे हिरवं फारसं नव्हतं, पण आभाळ स्वच्छ होतं. जहाजमहालाच्या दोन्ही बाजूंना पाणी, मध्ये ती लांबलचक इमारत. जागोजागी खुरासानी इमलीची झाडं, बुंधा हत्तीसारखा, फांद्या मुळांसारख्या. त्यांची नारळाएवढी फळं फोडून आतला आंबट गर विकतात. मी दोन घेतली. बापूसाहेबांनी यातलं काही पाहिलं नाही. ऊन लागू नये म्हणून ते भाऊजींच्या मनगटावर छत्री धरून चालत होते. फोटो काढणाऱ्या एका कुटुंबानं भाऊजींना कुणी मोठे पुढारी समजून नमस्कार केला.

जहाजमहालाच्या गच्चीवर माईसाहेब दम खात बसल्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, "एवढी घड्याळं घरात, पण मी एकदाही हातात घातलं नाही." भाऊजींनी घड्याळ काढलं आणि त्यांच्या मनगटावर, बांगड्यांच्या वर बांधलं. बापूसाहेबांच्या हातातून छत्री पडली. गच्चीवरून खाली, थेट पाण्यात.

माईसाहेबांनी ते दिवसभर काढलं नाही. रूपमतीच्या महालावर त्या सगळ्यांच्या आधी चढल्या, तिथून लांबवर चमकणारी नर्मदेची रेघ त्यांनीच आम्हाला दाखवली. परतायची वेळ विचारली की त्या मनगट डोळ्यांजवळ नेऊन ऐटीत सांगायच्या, "अवकाश आहे!" आणि आम्ही निर्धास्त. बसच्या थांब्यावर आलो तर कुत्रंही नव्हतं.

"आखरी बस तो कब की गई, माताजी," चहावाला म्हणाला.

तेव्हा उलगडलं. घड्याळ प्लास्टरमध्ये बंद पडलं होतं आणि भाऊजींनी ते लावलं होतं माईसाहेबांना विचारून, अंदाजानं. जगातलं इतकं दुर्मीळ घड्याळ तासभर मागं होतं. बापूसाहेब पहिल्यांदा हसले. आधी नाकातून, मग पोट धरून. हसता हसता त्यांनी खांबाचा आधार घेतला.

नालछापर्यंत आम्ही मटाराची पोती भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आलो. सूर्य मावळत होता, वारा बोचत होता. ताई आणि भाऊजी एका शालीत बसून शेंगा सोलून खात होते. माईसाहेबांना पोत्याला टेकून झोप लागली, घड्याळाचा हात पोटावर. बापूसाहेब तिकडेच बघत होते. घड्याळाकडे की त्यांच्याकडे, ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी धार सोडलं. पुढं आठवडाभर देवासला राहिले. गावातले लोक भाऊजींना विचारत, हात इतक्या लवकर कसा बरा झाला? मागच्या गल्लीतल्या बाई सांगत, माताजींची कृपा, आणि मी वेळेवर उचललं म्हणून.

माणसं प्रवासाला निघताना घराला कुलूप लावतात आणि मग सगळा प्रवास त्या कुलपाशी बसून करतात. मीही तशीच. इंदूरला आले तेव्हा मिरजेच्या घराची चावी चाचपत होते. या खेपेला मात्र मांडूनंतर ती कुठल्या कप्प्यात आहे, हे आठवायलाच मला वेळ लागला.

निघायच्या दिवशी ताई आणि भाऊजी इंदूर स्टेशनवर पोचवायला आले. बॅग भाऊजींनीच उचलली होती. गाडीला किती अवकाश आहे, असं मी विचारलं. त्यांनी मनगट वर केलं, उघडं मनगट पाहिलं, खिसे चाचपले, आणि शेजारच्या बाकावर शेंगदाणे खात बसलेल्या माणसाला विचारलं, "भिया, टाइम क्या हुआ?"

"अहो, घड्याळ?" ताई म्हणाली.

"बाथरूममध्ये राहिलं वाटतं," ते म्हणाले, आणि माझ्यासाठी पाण्याची बाटली आणायला गेले.